पोरगी नर्स व्हायचं म्हणते

मागच्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळी एका पालकबाईंचा फोन आला. त्यांची धाकटी आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेली, आता बारावी सायन्सला आहे. "मॅडम, पोरगी नर्सिंगला जायचं म्हणते. त्यातही मिलिटरीत. तिच्या अब्बांनी दोन दिवस बोलणं टाकलंय. तुम्ही सांगाल ते आम्ही करू."

मी म्हटलं, "मला थोडे दिवस द्या. मग घरी या, बसून बोलू."

त्यांना वाटलं असेल, मॅडम टाळतायत. टाळत नव्हते. सतरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला शाळेच्या व्हरांड्यात विचारला गेला होता आणि मी उभ्या उभ्या दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळी झाले होते. त्या उत्तराचं काय झालं ते मी रोज बघते. म्हणून या वेळी घाई नको, असं ठरवलं. आणि बोलायचंच आहे तर जे त्यांना सांगणार ते इथंही लिहावं, कारण हा प्रश्न आज बऱ्याच घरांत जेवणाच्या दस्तरख्वानावर येतो आणि तिथंच विरतो.

आम्ही मिरजेचे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, 1962 साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि त्यांच्या आजूबाजूला दवाखाने वाढतच गेले. अर्ध्या कर्नाटकातून पेशंट इथं येतात. आमच्या मुहल्ल्यातली कितीतरी घरं या दवाखान्यांवर चालतात. कुणी मेडिकल दुकानात, कुणी लॅबमध्ये, कुणी ॲम्ब्युलन्सवर, कुणी पेशंटच्या नातेवाइकांना डबे पुरवतं. पण दवाखान्याच्या आत, वॉर्डात, पांढऱ्या कपड्यांत आपल्या मुली किती? माझ्या लहानपणी तर एकही नव्हती. "सिस्टर" म्हणजे कुणीतरी दुसरी, मिशनची नाहीतर केरळची. आपण फक्त तिला हाक मारायची.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी आणि उर्दू शिकवते. 2008 साली माझी एक विद्यार्थिनी बारावी पास झाली. हुशार, पण त्याहून जास्त म्हणजे धीट. शाळेत कुणाचं डोकं फुटलं, कुणाला चक्कर आली, की आम्ही बायका ओरडत असायचो आणि ही पोरगी रुमाल ओला करून पुढे झालेली असायची. ती मला विचारायला आली होती. "मॅडम, नर्सिंगचा कोर्स करू का? तीन-साडेतीन वर्षांचा आहे. अब्बांना तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

मी तिला म्हटलं, "कशाला त्यात पडतेस? रात्रपाळ्या, परक्या पुरुषांची सेवा, पुढं रिश्त्याला अडचण. डी.एड. कर. दोन वर्षांत शिक्षिका होशील. इज्जतीची नोकरी आहे."

तिनं माझं ऐकलं. 2010 साली ती डी.एड. होऊन बाहेर पडली. त्या वर्षांत महाराष्ट्रात डी.एड. कॉलेजांचं पीक आलं होतं आणि शाळांत तेवढ्या जागा नव्हत्या. 2012 साली तर शिक्षकभरतीच थांबली. पुढं टीईटी आली. आज ती एका खासगी बालवाडीत शिकवते, संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. पगार सांगायला तिला लाज वाटते आणि ऐकायला मला. शाळेच्या रस्त्यावर भेटली की अजून हसून सलाम करते. मी एकदा मनातलं बोलून टाकलं, तेव्हा म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, तुम्ही हो म्हणाला असता तरी अब्बांनी कुठं पाठवलं असतं?" तिनं मला माफ केलं की मोठेपणानं वाट काढून दिली, मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला पुढं फार टोचली. त्याच वर्षी, त्याच वर्गाला, मी हजरत रुफैदा अस्लमिया (रजि.) यांची हकीकत मोठ्या रंगानं सांगितली होती. मस्जिद-ए-नबवीच्या आवारात त्यांचा तंबू असायचा, जखमींवर तिथं इलाज व्हायचा. खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना बाण लागला, तेव्हा हुजूर (स.) यांनी त्यांना याच तंबूत ठेवायला सांगितलं, म्हणजे जवळून विचारपूस करता येईल. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) तर सात मोहिमांत सैन्याबरोबर गेल्या, जखमींची आणि आजाऱ्यांची देखभाल केली. हे सगळं मी फळ्यासमोर उभी राहून सांगत होते, मुली कान देऊन ऐकत होत्या. आणि त्यांच्यातलीच एक "मीही तेच करू का?" विचारायला आली, तर मी तिला रिश्त्याची भीती घातली.

2021 च्या एप्रिलमध्ये आमच्या सासूबाईंना कोरोना झाला. ऑक्सिजनची पातळी उतरत गेली, दवाखान्यात दाखल केलं, पुढचे नऊ दिवस त्यांना आम्ही पाहिलं नाही. बाहेर रस्त्यावर उभं राहायचं आणि फोनची वाट बघायची. आठव्या रात्री एका सिस्टरनं तिच्या स्वतःच्या फोनवरून माझ्या मिस्टरांना फोन केला. "आजी तुमचं नाव घेतायत. बोलायचं असेल तर आत्ता बोला." मिस्टरांना बोलता येईना. ते म्हणाले, "सिस्टर, मी यासीन पढतो, त्यांच्या कानाला फोन लावाल का?" तिनं लावला. पूर्ण सूरा होईपर्यंत धरून उभी राहिली. मध्येच तिला कुणीतरी हाक मारली, तेव्हा "एक मिनिट, येते" एवढंच तिचं बोलणं ऐकू आलं, पण फोन हलला नाही. पहाटे सासूबाई गेल्या.

तिचं नाव आम्हाला माहीत नाही. चेहराही नाही, नखशिखान्त किटमध्ये होती. मिस्टर नंतर मिठाई घेऊन गेले, तर ती दुसऱ्या वॉर्डात गेली होती. पण माझी थोरली लेक तेव्हा दहावीत होती, त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, घरीच होती. त्या रात्री ती अब्बूंच्या शेजारी बसून होती. तिनं काय ठरवलं ते तेव्हा बोलली नाही.

बोलली 2023 मध्ये. बारावी सायन्स, नीट दिली. निकाल आला, वाईट नव्हता, पण एमबीबीएसच्या जवळपासही नव्हता. घरात दोन मतं तयार झाली. एक, वर्ष घालवून पुन्हा नीट द्यायची. दुसरं, बीयूएमएस घ्यायचं, म्हणजे नावापुढे डॉक्टर तरी लागेल. लेक म्हणाली, "मला नर्सिंग करायचंय. आणि मिलिटरी नर्सिंगचा फॉर्म भरायचाय."

खरं सांगते, मिलिटरी नर्सिंग म्हणजे नेमकं काय हे मला, वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला, माहीत नव्हतं. तिनंच मला समजावलं. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, किमान 50 टक्के, आणि नीट दिलेली पाहिजे. मुलगी अविवाहित असावी लागते. घटस्फोटित किंवा विधवा, जिच्यावर कुणाची जबाबदारी नाही, तीही चालते. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितेय, कारण अशा मुली आपल्या घरांत आहेत आणि त्यांना कुणी सांगत नाही. नीटचा निकाल लागला की सैन्याच्या भरतीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो. त्यातून निवडलेल्या मुलींची संगणकावर इंग्रजीची आणि सामान्य बुद्धिमत्तेची परीक्षा होते, मानसशास्त्रीय चाचणी होते, मुलाखत होते आणि मग वैद्यकीय तपासणी. चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग. सैन्याची अशी सहा कॉलेजं आहेत: पुण्याचं एएफएमसी, मुंबईत नौदलाचं अश्विनी, आणि दिल्ली, लखनौ, कोलकाता, बंगळूर. साऱ्या देशाला मिळून जागा 220. पुण्यात 40, मुंबईत 40. राहणं, जेवण सरकारचं, वर विद्यावेतन. बदल्यात पाच वर्षं सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. पास झाली की लेफ्टनंट. म्हणजे अधिकारी, खांद्यावर दोन तारे.

"लेफ्टनंट" या शब्दानं माझ्या भावाचं मत एका मिनिटात बदललं. नर्स म्हटल्यावर नाक मुरडणारा माणूस ऑफिसर म्हटल्यावर ताठ बसला. माझ्या लेकीला त्याचा राग आला. म्हणाली, "मामू, काम तेच आहे. बेडपॅन तिथंही उचलावंच लागतं."

नणंद मात्र बदलली नाही. ती आमच्या घरातली मोठी, सासूबाईंनंतर तिचाच शब्द. "भाभी, इतना पढ़ाके लोकां के बेडपॅन उठाने भेजते क्या? कल कू रिश्ता कौन देगा?" आणि मग तिचे प्रश्न एकामागून एक. रात्रपाळी. परक्या पुरुषांना हात लावणं. लडाखला पाठवलं तर? लढाई लागली तर? सैन्यात नमाजचं काय, रोज्याचं काय, खाण्याचं काय?

या प्रश्नांना हसून चालत नाही. मी नणंदेला एका बाबतीत मानते, तिनं निदान विचारले तरी. आम्ही बाकीचे "बघू" म्हणून उठत होतो. मग आम्ही एकेक प्रश्न धरून बसलो.

रात्रपाळी खरी आहे. ती टळणार नाही, सैन्यात नाही आणि बाहेरही नाही. पण सैन्याच्या रुग्णालयात मुलगी छावणीच्या आत राहते, रात्री दोनला रिक्षा शोधत घरी यावं लागत नाही. मला तर आमच्या गावच्या खासगी दवाखान्यातून रात्री बाराला घरी निघणाऱ्या मुलींची जास्त काळजी वाटते.

परक्या पुरुषाला हात लावण्याचा प्रश्न मिस्टरांनी आमच्या ओळखीच्या मौलानांना विचारला. ते वयस्कर आहेत, कमी बोलतात. म्हणाले, आजारपण ही जरूरत आहे आणि जरूरतीचे हुकूम वेगळे असतात. मुलीची नीयत आणि वागणं सांभाळा. मग त्यांनी स्वतःच्या बायकोच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली. तेव्हा वॉर्डात लेडी नर्स मिळावी म्हणून ते किती फिरले होते. "आपण सगळे आपल्या बायकांसाठी लेडी नर्स मागतो," म्हणाले, "ती कुणाच्या तरी घरातूनच यायची ना?"

पोशाखाचा प्रश्न राहतो, आणि तो मी झाकून ठेवणार नाही. सैन्यात गणवेश सेवा ठरवते. डोक्यावर काय असेल, बाह्या केवढ्या असतील, हे आपण ठरवायचं नसतं, आणि वॉर्डात तर संसर्गाचे नियमही असतात. हा विचार घरातून निघण्याआधी करायचा, दिल्लीच्या फाटकावर नाही. काही घरं इथंच थांबतील. थांबू देत, तो त्यांचा प्रामाणिक निर्णय आहे. फक्त तो निर्णय "आमचा गणवेशाला आक्षेप आहे" असा बोलावा. "नर्सचं काम हलकं आहे" असा बोलू नये. माझ्या लेकीनं दोन रात्री विचार केला. काय विचार केला, ते तिचं तिला आणि अल्लाहला ठाऊक. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फॉर्म भरते."

लग्नाचं सांगायचं तर, शिक्षण चालू असताना लग्न करता येत नाही. म्हणजे बाविशीपर्यंत. आमच्या नणंदेला तेच फार वाटत होतं. पण पुढं लग्न करायला बंदी नाही. एके काळी होती. 1988 साली लग्न केलं म्हणून एका लष्करी परिचारिकेला सेवेतून काढलं होतं. तो नियम 1995 साली मागे घेतला गेला. त्या बाईंनी लढा सोडला नाही, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना 60 लाख रुपये द्यायचा आदेश केंद्र सरकारला दिला. लग्न केलं म्हणून बाईला नोकरीवरून काढणं हा उघड भेदभाव आहे, असं ठरवलं. ही बातमी मी नणंदेला वाचून दाखवली, तेव्हा तिला त्या बाईंच्या छत्तीस वर्षांचंच जास्त वाईट वाटलं.

आणि लढाई लागली तर? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मिस्टर म्हणाले, "लागली तर जाईल. कुणाच्या तरी पोरांना गोळ्या लागलेल्या असतील." इतके दिवस गप्प बसलेला माणूस एवढंच बोलला. विषय तिथं संपला.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मी आणि लेक गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला गेलो. दोन रात्री गाडीत तिनं इंग्रजीचं पुस्तक खाली ठेवलं नाही. हे मी उर्दू शाळेची शिक्षिका म्हणून सांगते. नीट आता उर्दूत देता येते, मराठीतही देता येते, चांगलीच गोष्ट आहे. पण पुढची परीक्षा इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, चार वर्षांचा अभ्यास इंग्रजीत. आपल्या शाळांतल्या मुली विज्ञानात मागे नसतात, इंग्रजी बोलताना घशात अडकतात. माझी लेकही अडकते. आठवीपासून जे करायला हवं होतं ते आम्ही बारावीनंतर करत होतो, आणि घरात आईच भाषेची शिक्षिका!

दिल्ली छावणीतल्या लष्करी रुग्णालयाबाहेर आम्ही आईबाप दिवसभर उभे. केरळचे कितीतरी, हरियाणा, हिमाचल, मणिपूर. केरळची एक आई म्हणाली, त्यांच्याकडे घरात तीन नर्स आहेत, एक आखातात, एक लंडनला, एक गावात. तिला माझा चेहरा बघून नवल वाटत होतं, की मुलीला इथवर आणलंय आणि बाई अशी घाबरलेली का. मी तिला आमच्याकडचं सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडेही माझ्या आजीच्या वेळी असंच होतं.

फाटकातून गणवेशातल्या नर्सिंग अधिकारी ये-जा करत होत्या आणि जवान त्यांना सॅल्यूट करत होते. ते मी पहिल्यांदाच बघत होते. नंतर वाचलं की 1888 साली या सेवेतल्या पहिल्या नर्स मुंबईच्या बंदरावर उतरल्या, आणि भारतीय सैन्यात मेजर जनरलच्या पदाला पोचलेली पहिली स्त्री, गर्ट्रूड ॲली राम, ही 1976 साली या नर्सिंग सेवेतूनच झाली. सैन्यात बाईला सॅल्यूट मिळायला लागला तो नर्सपासून, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. मीही शिकवलं नव्हतं.

लेक बाहेर आली तेव्हा घामाघूम होती. "डॉक्टर का नाही व्हायचं, असं विचारलं," म्हणाली. "मी दादींच्या रात्रीचं सांगायला लागले. इंग्रजीत जमेना. अर्धं राहिलं."

अंतिम यादीत तिचं नाव आलं नाही.

त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. खोटं का बोलू? पोरगी लांब जाणार नाही, नणंदेला तोंड द्यावं लागणार नाही, लढाई नाही, गणवेशाचा प्रश्न नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि आतून हलकी झाले होते. तिला ते कळलं. "अम्मी, आपको अच्छा लगा ना?" एवढंच म्हणाली. मी नाही म्हणाले नाही. चार दिवस आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं.

पण ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली. राज्याची बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी तिनं आधीच देऊन ठेवली होती. मिलिटरीची वाट बघत बसली असती तर ते वर्ष गेलं असतं. त्या गुणांवर सोलापूरला जागा मिळाली. यंदा तिसरं वर्ष. नोंदणीकृत पदवीधर नर्ससाठी लष्करी नर्सिंग सेवेत अल्पमुदतीच्या कमिशनचीही भरती निघते, तो दुसरा दरवाजा आहे. तिच्या टेबलासमोर त्या जाहिरातीचं कात्रण चिकटवलेलं आहे. मी बघून न बघितल्यासारखं करते.

दुसऱ्या वर्षात एकदा रात्री अकराला तिचा फोन आला. वॉर्डात अक्कलकोटकडचे एक आजोबा होते, फक्त कानडी बोलणारे. हिनं वॉर्डातल्या मावशींकडून दोन शब्द शिकून घेतले होते, "नोवु एल्लि?" म्हणजे कुठं दुखतंय. रोज तेवढंच विचारायची, आजोबा हात लावून दाखवायचे. त्या दिवशी ते गेले. घरचं कुणी जवळ नव्हतं. "अम्मी, मी त्यांचा हात धरला होता," म्हणाली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मग म्हणाली, "ठेवते, चार्ट लिहायचाय." त्या रात्री मला आमच्या त्या किटमधल्या सिस्टरची फार आठवण आली.

आता त्या पालकबाईंना सांगायच्या दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. मिलिटरी ही एकच वाट धरून बसू नका; 220 जागांसाठी सारा देश रांगेत असतो. बी.एस्सी.ला बारावी सायन्स लागतं, पण जीएनएम हा तीन वर्षांचा कोर्स आहे, त्याला आर्ट्स-कॉमर्सची मुलगीही जाऊ शकते, बारावीत इंग्रजी आणि 40 टक्के असले की झालं. एएनएम दोन वर्षांचा. मात्र गल्लीबोळात सहा महिन्यांचे, वर्षाचे "नर्सिंग कोर्स" चालतात, त्यांच्या फलकाला भुलू नका. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, एवढं आधी विचारा. राज्य परिषदेच्या नोंदणीशिवाय ती मुलगी कायद्यानं नर्स नाही, मग प्रमाणपत्राला कितीही सोनेरी किनार असो.

पगाराचंही खरं बोललं पाहिजे. सरकारी आणि लष्करी नोकरीत पगार चांगला आहे, परदेशात त्याहून. पण छोट्या खासगी दवाखान्यांत हाल आहेत. 2016 साली केंद्राच्या समितीनं शिफारस केली होती, की 50 पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सचा पगार महिना 20,000 च्या खाली नसावा. माझ्या ओळखीतल्या दोन मुली आज त्याच्या निम्म्यावर काम करतात, बारा-बारा तास. म्हणून कोर्स संपल्यावर पहिल्या मिळालेल्या खुर्चीत बसून राहायचं नाही. सरकारी भरतीचा अभ्यास चालू ठेवायचा.

नणंदेचं राहिलं. पहिल्या वर्षी कॉलेजात दिवा लावून शपथ घेण्याचा कार्यक्रम झाला, तिला बोलावलं तर आली नाही, पाय दुखतात म्हणाली. गेल्या हिवाळ्यात तिला साखर निघाली, इन्सुलिन सुरू झालं. आता दर दोन दिवसांनी सोलापूरला तिचा फोन असतो. सुई कुठं टोचू, पोटात की मांडीत, आज चक्कर आली, साखर कमी झाली की जास्त. माझ्याशी बोलताना मात्र अजून म्हणते, "रिश्त्याचं बघा." दोन्ही एकदम चालू आहे.

रिश्त्याचं म्हणाल तर एक आला होता. मुलाकडच्यांनी विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडेल का? लेकीनं मलाच उत्तर द्यायला सांगितलं. मी म्हटलं, नाही. ते परत आले नाहीत.

त्या पालकबाईंना मी पुढच्या रविवारी बोलावलंय. लेक त्या दिवशी सुट्टीवर घरी असेल. माझ्यापेक्षा तिच्याशी बोललेलं बरं. येताना मुलीला आणा, तिची अकरावीची गुणपत्रिका आणा, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, बरं. फोन ठेवता ठेवता मी म्हटलं, "आणि तिच्या अब्बांनाही आणा. बोलत नसले तरी चालेल, नुसते बसू देत."